दादाच्या नावावरच्या गोळ्या

नीलम नवऱ्याच्या हातातून पिशवी काढून घेते, असं भातकुलीच्या त्या घरानं कधी पाहिलं नव्हतं. अठरा वर्षांच्या संसारात ओझी प्रीतमकडे आणि सूचना नीलमकडे अशी वाटणी होती आणि ती दोघांना मानवलीही होती. म्हणून आश्विन पौर्णिमेच्या सकाळी ऑटो दारात थांबला, नीलम आधी उतरली, दोन्ही पिशव्या तिनंच घेतल्या आणि वर "सावकाश उतरा हं, घाई नाही" असंही म्हणाली, तेव्हा ओट्यावर खिरीचे तांदूळ निवडणाऱ्या इंदूबाईंचा हात ताटातच थांबला.

सून इतकी गोड बोलते म्हणजे काहीतरी मागायला आली आहे, नाहीतर काहीतरी सांगायला. मागायला आलेल्या माणसाचे डोळे घरभर फिरतात, हे इंदूबाईंनी अडुसष्ट वर्षांत पक्कं पाहून ठेवलं होतं. नीलमचे डोळे प्रीतमवरून हलत नव्हते.

"जयभीम आई. ह्यांना आधी पाणी द्या. उन्हातून आलेत."

"अन् तू का सावलीतून आली?"

नीलम हसली नाही. तेव्हा सांगायलाच आली, हे ठरलं.

प्रीतम नेहमीसारखा आत जाऊन वडिलांच्या पाया पडला. किसनराव बैठकीत पांढरा सदरा घालून, जाड भिंग डोळ्याशी धरून ग्रंथाची शेवटची पानं चाळत होते. वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी वाचन चालायचं आणि आज त्याची समाप्ती होती. दरवर्षी हे वाचन धाकटा धम्मदीप करायचा. त्याचा आवाज असा की मागच्या रांगेतल्या बायका लसूण सोलायचं थांबवायच्या. या वर्षी किसनरावच वाचत होते. मोतीबिंदूमुळे मधली एखादी ओळ गळायची. विहार समितीच्या अध्यक्षाला लोक काय बोलणार? गळलेल्या ओळीसकट ऐकून घ्यायचे.

"धम्मा कोठी आहे?" प्रीतमनं विचारलं.

"झोपला असन," किसनराव म्हणाले. "दिवसभर झोपतेच तो आता."

प्रीतमनं मान खाली घातली. दारात उभ्या नीलमनं ते पाहिलं आणि तिनं त्याचा भलताच अर्थ लावला.

*

स्वयंपाकघरात दुधानं भरलेला गंज गॅसवर चढला होता. नीलमनं दार लोटलं.

"आई, तुमच्या मुलाला काय झालंय, ते तुम्हाला माहीत आहे का?"

"कोणत्या मुलाले?"

"माझ्या नवऱ्याला." इथपर्यंत तिनं आवाज सांभाळला होता. "काल ते फोन घरीच विसरून गेले. अकोल्याच्या सरकारी दवाखान्यातून फोन आला. सीमा म्हणून कोणी बाई होत्या. म्हणाल्या, प्रीतम खंडारे दोन महिन्यांपासून आले नाहीत, त्यांना यायला सांगा. कशासाठी विचारलं तर म्हणाल्या, ते त्यांनाच विचारा ताई, मला सांगता येत नाही. मग मी कपाट उघडलं."

कपाट उघडलं म्हणजे काय काय उघडलं असेल, याचा अंदाज इंदूबाईंना होता. जठारपेठेतल्या त्या दोन खोल्यांत नीलमला ठाऊक नसलेला कागद असू शकतो, हीच आश्चर्याची गोष्ट होती.

नीलमनं पदराखालून घडी घातलेला केसपेपर काढला. "विम्याच्या कागदांखाली होता. मनोविकार विभाग. सहा तारखा आहेत. सहा वेळा गेले आई, अन् मला म्हणायचे साहेबांनी थांबवून घेतलं." ती खालच्या आवाजात घाईघाईनं बोलत होती. "आज गाडीत ठरवलं होतं, मूर्तिजापूर आलं की विचारायचं. मूर्तिजापूर गेलं. मग म्हटलं बडनेऱ्याला उतरलो की. पण वाटलं, विचारलं अन् ह्यांना काही झालं तर? त्यात लिहिलंय, आवाज ऐकू येतात. बसमधले लोक आपल्याबद्दल बोलतात असं वाटतं. आई, ते माझ्याबद्दलही असंच काही समजत असतील का हो?"

इंदूबाईंनी पहिल्यांदा गॅस बारीक केला. त्या सातवी शिकलेल्या. कागद दूर धरून त्यांनी गोळीचं नाव अक्षर अक्षर लावलं. मग जिऱ्याच्या डब्यामागं हात घालून एक पाकीट काढलं आणि कागदाशेजारी धरलं. नाव जुळलं. पाकिटात तीन गोळ्या उरल्या होत्या.

"बाई," त्या म्हणाल्या, "ह्या गोळ्या तर मी धम्माले देतो. रोज. माह्या हातानं."

नीलम खाली फरशीवरच बसली. नवरा धडधाकट असल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर दूध उतू यायला लागतं तेवढाच वेळ टिकला.

"म्हणजे ह्यांना काहीच नाही?"

"दिसते तर तसंच."

"मग मला सांगितलं का नाही? धम्माभाऊजींना बरं नाही, हे मला माहीत नव्हतं का? मी परकी आहे का?"

"मले तरी कोठी सांगतलं? मले वाटे, हा डॉक्टरले भावाचं सांगते अन् गोळ्या आणते." इंदूबाईंनी सुनेला हात देऊन उठवलं. अठरा वर्षांत या दोघींचं ज्या गोष्टींवर एकमत झालं त्या एका हाताच्या बोटांवर मोजता आल्या असत्या. आज एक बोट वाढलं. "चाल. दोघी मिळून विचारू त्याले."

*

"धम्माच्या नावानं कागद कसा काढायचा?" प्रीतम म्हणाला. केसपेपर त्याच्यासमोर टिपॉयवर होता आणि तो त्याच्याकडे बघत नव्हता. "त्याची नोकरी तासिकेवरची. उद्या कायम व्हायची वेळ आली अन् कोणी हे काढलं तर? लग्न व्हायचं हाय त्याचं. माझं काय व्हायचं रायलं? नोकरी पक्की, लग्न झालं, पोरगी बारावीले. नाव खराब व्हायचंच असन तर वापरलेलं होऊ द्या. नवं कावून करता?"

"ते वापरलेलं नाव मीही लावते," नीलम म्हणाली. "मला विचारलं का?"

"विचारलं असतं तर तू लावू दिलं असतं का?"

"नसतं लावू दिलं! म्हणूनच विचारायचं असतं."

किसनरावांनी भिंग खाली ठेवलं. "आवाज कमी करा. रस्ता आहे बाजूले. त्यानं जे केलं ते घरासाठी केलं."

"घरासाठी म्हणजे तुमच्यासाठी," इंदूबाई म्हणाल्या. "बोभाटा नको, बोभाटा नको, हे कोण म्हणत होतं? तुमी म्हणत गेले, त्यानं आयकलं. मोठा गुणी तो." मग त्यांनी कागदावर बोट ठेवलं आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. त्यांचा मऊ आवाज घरात सगळ्यांना जास्त धाकात ठेवायचा. "प्रीतम, मले एकच सांग. इथं चौथ्या खेपेले एकाच्या दोन गोळ्या कावून झाल्या? मी तुले फोनवर सांगतलं होतं, त्याले आता झोप येऊन राहिली, जेवते बी बरा. चांगलं सांगतलं होतं मी. तेव्हापासून माह्या लेकराचे हात थरथरतात. चहा अर्धा कप द्यावा लागते, भरून दिला तर सांडते. दिवसा उजेडी झोपते. तू डॉक्टरले काय सांगतलं?"

प्रीतम टिपॉयच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

पहिले तीन महिने सोपे गेले होते. आई फोनवर सांगायची ते तो एका चिटोऱ्यावर लिहून घ्यायचा, दवाखान्याच्या बाकावर बसून पाठ करायचा आणि आत जाऊन 'त्याला'च्या जागी 'मला' घालून म्हणायचा. जिल्हा परिषदेत वीस वर्षं टिपणी लिहिलेला माणूस. दुसऱ्याचं म्हणणं आपल्या सहीनं पुढं पाठवायची सवय होती. चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "शेवटचं मोकळं हसलात ते कधी?"

चिटोऱ्यावर हे नव्हतं. धम्मा शेवटचा कधी हसला, हे त्याला आठवेना. गप्प बसलं तर संशय यायचा. म्हणून त्यानं आपलं सांगितलं. सांगायला लागला आणि थांबताच येईना. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. समोर फाइल उघडी असते, तासाभरानं बघावं तर तेच पान. पोरगी काहीतरी सांगत असते, तिचे ओठ दिसतात. बाहेर चाळीस माणसं नंबर लावून बसलेली असताना त्या डॉक्टरांनी दहा मिनिटं ऐकून घेतलं. त्या दहा मिनिटांत धम्माचं एक अक्षरही नव्हतं. झोपेसाठी म्हणून डॉक्टरांनी गोळी वाढवली. वाढलेली गोळी प्रीतमनं इमानदारीनं भातकुलीला आणून दिली.

सहाव्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "पुढच्या वेळी पत्नीला सोबत आणा." त्यानंतर तो गेला नाही. जुन्या चिठ्ठीवर एका मेडिकलवाल्यानं दोनदा गोळ्या दिल्या. परवा त्यानंही चिठ्ठी परत केली.

हे सगळं त्यानं इतक्या ओळीनं सांगितलं नाही. "झोप येत नाही म्हणून सांगतलं," एवढंच तो म्हणाला.

"पण त्याले तर येत होती."

"हो."

"मंग?"

"मंग काय आई." त्यानं केसपेपर उलटा करून ठेवला. "कोणाले तरी येत नव्हती."

नीलम त्याच्याकडे बघत राहिली. पहाटे तीनला पलंग हलतो, हे तिला माहीत होतं. ती तो रक्तदाब समजायची आणि त्याच्या भाजीत मीठ कमी टाकायची. गेले वर्षभर तो बिनतक्रार अळणी जेवत होता.

*

"डमी बसला ना दादा तू माह्या जागी?"

धम्मदीप दारात उभा होता. अंगात उसवलेला बनियन, केस विस्कटलेले, दोन्ही हातांनी पाण्याचा पेला धरलेला. पेल्यातलं पाणी हलत होतं. तो किती वेळ उभा आहे, कोणालाच माहीत नव्हतं.

"धम्मा, ये, बैस," प्रीतम उठला.

"पंधरा पोट्टे पकडले मी कॉलेजात डमीचे," धम्मदीप सावकाश, एकेक शब्द वेचून बोलत होता. गोळ्यांनी जीभ जड झाली होती; मास्तरकी मात्र शाबूत होती. "पण असा एकही नाई पायला. दुसऱ्याचा पेपर द्यायले गेला अन् मधातच आपला लिहून आला."

पहिल्यांदा इंदूबाईंना हसू आलं. मग नीलमला. प्रीतम हसायला गेला आणि त्याच्या तोंडातून भलताच आवाज निघाला. त्यानं रुमाल काढला.

धम्मदीप त्याच्या शेजारी बसला. पेला त्यानं भावाच्या हातात दिला. "वाढीव गोळी तुह्या झोपेची होती, होय का? मले वाटे मीच बिघडून राहिलो. जेवढं बरं वाटावं म्हणतो तेवढं उठता येईना. म्हणलं, औषधालेही दाद देत नाई आपण."

"माफ कर बाप्पा."

"माफ काय. तू दर महिन्याले रजा टाकून आला. बाकीच्यांनी फोनही नाई केला." त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "पण मले जायचं हाय आता. आज. सरकारी दवाखान्यात अमरावतीची टीम आली असन. महिन्याचा पहिला मंगळवार, दहा ते दोन."

किसनराव एवढा वेळ ग्रंथाच्या कोपऱ्याशी चाळा करत होते. तो थांबला. "तुले कोणं सांगतलं?"

"विहाराच्या फळ्यावर कागद होता न. आशाताईनं लावलता. मन उदास राहते का, झोप येत नाही का, मोफत तपासणी. मी सकाळी वाचला, संध्याकाळी तुमी त्याच्यावर वाचनाचं वेळापत्रक चिकटवलं. चारी कोपऱ्याले डिंक लावून."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. रागाला किसनरावांकडे उत्तर असतं. एसटीच्या स्टँडवर तीस वर्षं माईकवरून गाड्या पुकारलेला कंट्रोलर. चिडलेल्या प्रवाशाला कसं बसवायचं ते त्यांना येत होतं.

"फळ्यावर जागा नव्हती," ते म्हणाले.

"फळा अर्धा रिकामा हाय बाबा."

प्रीतम मध्ये पडला. वडील उघडे पडले की तो मध्ये पडायचाच, लहानपणापासून. "मी गाडी करतो. अमरावतीलेच जाऊ सरळ. तिथं रोज असते ओपीडी. इथं गावात कावून?"

"गाडीत नाई बसणार मी. अजून नाई."

धम्मदीप अमरावतीच्या बसमधून मध्येच उतरला आणि अकरा किलोमीटर पायी घरी आला, ती दुपार सगळ्यांना आठवत होती. पायातली चप्पल त्यानं कुठं सोडली, ते अजूनही कळलं नव्हतं.

"पायी जाता येते तेवढंच जाईन," तो म्हणाला. "दवाखाना पायी येते."

"विहारासमोरून," किसनराव म्हणाले.

"हो. विहारासमोरून."

"आज समाप्ती. सारी मंडळी तिथंच तयारीले. पुढच्या महिन्यात जाऊ न. मी सोता नेतो तुले, पहिल्या मंगळवारी."

इंदूबाईंनी पाकीट ग्रंथाशेजारी ठेवलं. "तीन हायत. रोज दोन लागतात. पुढचा महिना दीड दिवसात आणता का?"

किसनरावांनी पाकिटाकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. लोक त्यांना अभिमानी समजत आणि ते थोडे होतेही. पण आत्ता त्यांना जे अडवत होतं ते वेगळं होतं. नोकरीत त्यांनी माणसांच्या सेवापुस्तकात लाल शाईचे शेरे पडताना पाहिले होते. चांगला ड्रायव्हर, एकदा चुकला, शेरा पडला. पुढं पंचवीस वर्षं नीट गाडी चालवली तरी बढतीच्या वेळी साहेब तेच पान उघडायचा. तीच भीती त्यांना होती.

"एकदा सरकारी कागदावर नाव चढलं की उतरत नाई पोरा," ते म्हणाले. माईकवरचा आवाज आता अगदी बारीक झाला होता. "शेरा राहते तो."

"बाबा." धम्मदीप पुढं सरकला. "सात महिने झाले. आईनं दादाले सांगतलं, दादानं डॉक्टरले सांगतलं, डॉक्टरनं दादाले तपासलं, दादानं आईले गोळ्या दिल्या. सारं माह्याचसाठी. पण मले अजून कोणीच विचारलं नाई, धम्मदीप, तुले कसं वाटते म्हणून. एकदा विचारू द्या न कोणाले तरी. मंग पडू द्या शेरा."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा झाले होते.

किसनराव उठले. सदऱ्याची बाही खाली ओढून त्यांनी बटण लावलं, ते चुकीच्या काजात गेलं, परत काढून लावलं.

"बनियनवर जाशीन का?" ते धाकट्यावर खेकसले. "पांढरा शर्ट घाल. पौर्णिमा हाय आज."

*

निघाले चौघं. इंदूबाई खिरीपाशी थांबल्या. गंज सोडून जाणं शक्य नव्हतं आणि विहारात खीर पोचली नसती तर गावानं दहा कारणं काढली असती. त्यांनी धम्मदीपच्या शर्टाचं वरचं बटण लावून दिलं आणि नीलमला एवढंच म्हणाल्या, "दोघांवर लक्ष ठेव. कोणता कधी पळन, सांगता येत नाई."

रस्त्यावर मळणीच्या सोयाबीनचं कुटार भुशासारखं उडत होतं. किसनराव पुढं, मग धम्मदीप, मग प्रीतम आणि नीलम. प्रीतमनं पिशवी घ्यायला हात पुढं केला. नीलमनं मुकाट्यानं दिली. पिशवी हातात आल्यावर त्याला जरा बरं वाटलं असावं, कारण तो म्हणाला, "मीठ टाकत जा आता भाजीत."

"डॉक्टरांना विचारून," नीलम म्हणाली. तिनं त्याचं कोपर धरलं आणि मग वाटभर सोडलं नाही.

विहाराच्या पायरीवर समितीचे सचिव खुशालराव पताकांच्या गाठी सोडवत बसले होते. गावातलं काही त्यांच्या नजरेतून सुटत नाही, अशी त्यांची ख्याती; न विचारलेलं सांगण्यात तर त्यांचा हात कोणी धरला नसता.

"जयभीम किसनराव! सारी फौज कुकडे निघाली?"

धम्मदीपचं पाऊल अडखळलं. प्रीतमच्या तोंडात उत्तर तयार होतं: मोतीबिंदू. बाबांचे डोळे दाखवायचे आहेत. इतकं बिनतोड खोटं त्याला सहा महिन्यांत सुचलं नव्हतं. तो पुढं झाला, पण किसनराव आधी बोलले.

"दवाखान्यात. धम्माले दाखवाले. मनाचे डॉक्टर येतात न आज."

ते बोलून झाल्यावर त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि पुढच्या बोलण्याची वाट पाहिली. खुशालरावांच्या हातातली पताका तशीच राहिली. ते धम्मदीपकडे बघत होते, आणि धम्मदीप आपल्या चपलेकडे.

"मंग बिगी जा," खुशालराव म्हणाले. "दोन म्हणतात, पण पावणेदोनलेच गोळ्यांची खिडकी बंद करतात. आधी खिडकी नंबर एक, मंग मागची खोली. समोर विचारत बसू नका, वेळ जाते."

एवढं सांगून त्यांनी मान खाली घातली आणि न अडकलेली गाठ सोडवायला घेतली.

किसनराव दोन पावलं गेले आणि थबकले. हा कागद तीन महिने वेळापत्रकाखाली झाकलेला. मग खुशालला मागची खोली कशी माहीत? त्यांनी वळून पाहिलं. खुशालरावांनी वर पाहिलं नाही. त्यांची सून गेल्या दिवाळीपासून माहेरी का राहत होती आणि आता परत कशी आली, यावर समितीत बरीच चर्चा झाली होती. त्या चर्चेला किसनरावांनीही हातभार लावला होता. आपण काय काय बोललो होतो ते आता त्यांना सगळं आठवलं.

ते फळ्यापाशी गेले. नखानं वेळापत्रकाचा एक कोपरा उचकटला, मग दुसरा. डिंक चांगला होता, त्यांनीच निवडलेला. कागद फाटत फाटत निघाला. खालची सूचना अर्धीमुर्धी दिसायला लागली. 'झोप येत नाही का?' एवढी ओळ पुरती शाबूत होती.

"आज वाचन संपते," ते कोणालाच उद्देशून न बोलता म्हणाले. "वेळापत्रकाचं काम झालं."

"संध्याकाळपर्यंत थांबलं असतं," धम्मदीप म्हणाला.

"तू चाल."

*

खिडकी नंबर एकवर सात माणसं होती. कोणी खोकल्याचं, कोणी गुडघ्याचं. रांग एकच होती, हे धम्मदीपला बरं वाटलं. तो उभा राहिला. हात थरथरत होते म्हणून त्यानं ते खिशात घातले. मागं दोन माणसं काही बोलत होती. ती त्याच्याबद्दल बोलत आहेत असं त्याला वाटलं, मग त्यानं कान देऊन ऐकलं. ती सोयाबीनच्या ओलाव्याबद्दल बोलत होती. निदान आत्ता तरी.

"नाव?" खिडकीतल्या बाईनं मान वर न करता विचारलं.

प्रीतमचं तोंड सवयीनं उघडलं. नीलमनं कोपर दाबलं.

"धम्मदीप किसनराव खंडारे," धम्मदीप म्हणाला. आवाज थोडा घोगरा निघाला. त्यानं घसा साफ केला आणि परत म्हटलं, या वेळी विहारात म्हणायचा तसं, मागच्या रांगेपर्यंत. खोकलेवाल्यानं वळून पाहिलं. किसनराव बाकावर बसले होते. त्यांनी डोळे मिटून घेतले. गाडी वेळेवर लागली की ते स्टँडवर असेच मिटायचे.

"वय?"

"छत्तीस."

"काय होते?"

"ते आत सांगतो. मागच्या खोलीत."

बाईनं पहिल्यांदा वर पाहिलं, मान डोलावली आणि कागद सरकवला. "पुढचा."

पुढं प्रीतम होता. नीलमनं त्याला ढकललं नाही. फक्त मागची वाट अडवून उभी राहिली.

"नाव?"

अकोल्याच्या खिडकीवर हेच नाव त्यानं सहा वेळा न अडखळता सांगितलं होतं. खोटं होतं तेव्हा ते सहज निघायचं. आता बाईनं पेन टेकवून ठेवलं, वाट पाहिली, परत "नाव?" म्हणाली, तरी प्रीतमच्या तोंडातून शब्द निघेना. मागची रांग चुळबुळायला लागली.

धम्मदीपनं आपला कागद काखेत धरला आणि खिडकीशी वाकला.

"प्रीतम किसनराव खंडारे. वय पंचेचाळीस. माहा मोठा भाऊ."

"आणि त्रास काय?"

"नाव मी सांगून देतो बाई," धम्मदीप म्हणाला. "त्रास त्याचा त्याले सांगू द्या."